बाळाला वर्ष झालं, आता कुठलं दूध द्यायचं?

गणपतीनंतरचा आठवडा आमच्या दवाखान्यात नेहमीच घाईचा असतो. मुंबईहून आलेले बाप अजून गावात असतात, परतीच्या गाडीचं तिकीट खिशात असतं, आणि वर्षभर फोनवर नुसते चघळलेले घरातले प्रश्न निघण्याआधी मिटवायचे असतात. अशाच एका सकाळी एक कुटुंब माझ्यासमोर येऊन बसलं. १३ महिन्यांची मुलगी आईच्या मांडीवर, शेजारी आजी, आणि खुर्ची कमी पडली म्हणून दाराशी उभा राहिलेला बाप. त्याच्या हातातल्या पिशवीत पावडरचा मोठा डबा होता.

मी सिंधुदुर्गात एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात आहार समुपदेशक म्हणून काम करते. या कुटुंबाची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न नेहमीचाच होता. बाळाला वर्ष झालं, आता कुठलं दूध द्यायचं? फक्त या घरात त्याची तीन उत्तरं तयार होती. बापाचं उत्तर पिशवीतल्या डब्यात होतं. त्यावर '१२ ते २४ महिने' असं छापलेलं. मुंबईत त्याच्या साहेबांच्या मुलाला हेच देतात, मग आपल्या मुलीला का नको, असं त्याचं म्हणणं. आजीचा भर शेजारच्या गाईवर. आमच्याकडची ती बुटकी, काटक कोकण कपिला, थोडंच दूध देणारी. आईचं म्हणणं असं, की गाय रोज पुरेसं देत नाही, म्हणून घाटावरून येणारं पिशवीचं दूध बरं; ते निदान रोज सकाळी दुकानात मिळतं.

"बाय, तूच सांग आता," आजी म्हणाल्या. "गाईचा बरा की डब्यातला? ह्यांचा काय ऐकू नको."

या कामाला लागले तेव्हा मी अशा प्रश्नाचं लगेच उत्तर देत असे. गाईचं चालेल, म्हशीचं चालेल, साय काढू नका, साखर घालू नका, झालं. उत्तर बरोबरच असायचं. पण तीच मुलं दोन महिन्यांनी पांढऱ्याफटक चेहऱ्याने परत यायची. तेव्हापासून मी आधी एकच विचारते, दिवसभरात किती दूध पोटात जातं?

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाला आपापल्या हातचं माहीत होतं. सकाळी उठल्यावर आजी एक बाटली देत. आंघोळीनंतर झोपवताना आई एक देई. दुपारी आजी आणखी एक, संध्याकाळी दिवेलागणीला एक, आणि रात्री झोपताना बापाशी व्हिडिओ कॉल चालू असताना एक. त्या शेवटच्या बाटलीत गणपतीपासून डब्यातली पावडर सुरू झाली होती. बाटली त्यांनी बरोबर आणलेलीच होती. खूण २४० मिलीवर. मी कागदावर पाच वेळा २४० लिहिले आणि बेरीज आईलाच करायला दिली. १२०० मिली. सव्वा लिटरला थोडं कमी.

"एवढं?" असं ती स्वतःशीच म्हणाली. आजींनी कागद हातात घेऊन पाहिला, पण काही बोलल्या नाहीत.

मग जेवणाबद्दल विचारलं. सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट. दुपारी दोन घास मऊ भात, तोही वरच्या पाण्यासकट. बाकी काही तोंडात घेत नाही. "दूध पिता बऱ्यापैकी, जेवूक मात्र मागना नाय," हे आजींचं वाक्य. ते ऐकलं की मला पुढचा निम्मा भाग कळतो. गाईच्या १०० मिली दुधात साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात. म्हणजे या मुलीला नुसत्या दुधातून ८०० मिळत होत्या, आणि १ ते ३ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज सगळी मिळून हजाराच्या आसपास. तिला भूक लागणार कधी? ती हट्टी नव्हती, तिचं पोट भरलेलं होतं.

वजन ९ किलो २०० ग्रॅम, या वयाच्या मुलीला अगदी योग्य. म्हणून घरात कुणाला शंका आली नव्हती. गाल गुबगुबीत. पण मी खालची पापणी हलकेच ओढून पाहिली तर आत गुलाबीपणा जवळजवळ नव्हता. तळहातही फिके. मग मी आईला विचारलं, ही माती वगैरे खाते का?

आई गप्प झाली. बाप म्हणाला, "पडवीच्या चिऱ्याला जीभ लावते. आम्ही हसतो तिला."

"माती तर सगळीच पोरां खातत," आजी म्हणाल्या.

थोडीफार खातात, खरं आहे. पण रोज, शोधून, भिंतीला जीभ लावून चाटणं वेगळं. शरीरात लोह कमी पडलं की काही मुलांना आणि काही गरोदर बायकांनाही माती, खडू, राख, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. आमच्या चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, तो लाल रंग लोहाचाच, पण त्यातलं लोह बाळाच्या रक्तात जात नाही. मातीबरोबर जंत मात्र जातात. मी त्यांना आतल्या खोलीत डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणीत हिमोग्लोबिन ८.४ आलं. या वयाला साडेदहाच्या वर हवं. बाकीचा अहवाल लोहाच्या कमतरतेशी जुळणारा होता, आणि डॉक्टरांनी लोहाचे थेंब सुरू केले.

अहवाल हातात घेऊन ते परत माझ्याकडे आले तेव्हा बापाने डबा पिशवीतून बाहेर काढून टेबलावर ठेवला होता, जणू औषध तेच. तो म्हणाला, "एवढं दूध पिते, मग रक्त कमी कसं?"

हा प्रश्न फार मोलाचा आहे, आणि तो आपल्याकडे कुणी विचारत नाही, कारण दूध म्हणजे पूर्णान्न हे आपण शाळेपासून ऐकलेलं असतं. दुधात कॅल्शियम आहे, प्रथिनं आहेत. पण एक लिटर दुधात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं, आणि या वयात दिवसाला ८ मिलिग्रॅमची शिफारस आहे. वर दुधातलं कॅल्शियम आणि केसीन नावाचं प्रथिन हे दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाहीत. जन्मताना आईकडून आणलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमाराला संपत आलेला असतो. त्यानंतर लोह ताटातूनच यायला हवं, आणि इथे ताटाची जागा बाटलीने घेतलेली. या मुलीला गाईचं दूध नवव्या महिन्यापासूनच सुरू झालं होतं. वर्षाच्या आत हे दूध मुख्य आहार म्हणून दिलं की काही बाळांच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारं थोडं थोडं रक्तही जातं, म्हणून वर्षापर्यंत ते पिण्यासाठी नको असं सांगतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी देशात ६७ टक्के आणि महाराष्ट्रात जवळजवळ ६९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. सगळ्यांचं कारण दूध नाही. पण माझ्या समोर बसणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी घरातल्या मुलांमध्ये ते फार वेळा दूधच निघतं.

आजींचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, आपण बाळाला त्रास दिला. त्यांना मी सांगितलं तेच इथेही सांगते. तुमचं दूध वाईट नव्हतं, प्रेमाने जास्त झालं. ते अर्ध्याहून कमी केलं की तेच दूध चांगलं.

मग मी फक्त आईकडे वळून एक विचारलं. अंगावर पाजता का अजून?

तिने आधी सासूकडे पाहिलं, मग खाली. रात्री दोनदा, म्हणाली. बंद करायचं आहे, पण ती रडते. वर्षानंतर अंगावरच्या दुधात काही उरत नाही, नुसतं पाणी असतं, असं तिला दोघी-तिघींनी सांगितलं होतं. त्यामुळे ती हे दूध कुणालाच सांगत नव्हती. सकाळपासून तीन दुधांवर भांडण चाललं होतं, आणि घरातल्या चौथ्या दुधाचा हिशेबच कुणी केला नव्हता.

वर्षानंतर आईचं दूध पाणी होत नाही. त्यात स्निग्धांश, प्रथिनं, जीवनसत्त्वं आणि आजाराशी लढणारे घटक असतातच. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने निव्वळ स्तनपान आणि त्यानंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहून पुढेही स्तनपान सांगते. मी हे मुद्दाम तिघांसमोर मोठ्याने बोलले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आजी म्हणाल्या, त्यांनी स्वतःच्या झिलाला तीन वर्षं पाजलं होतं. मग सुनेला हे पाणी असल्याचं कुणी सांगितलं, हे विचारायचं मी टाळलं.

आता डबा. इथे मला बापाशी सावकाश बोलायचं होतं. हा माणूस वर्षातून दोन-तीनदा घरी येतो, मुलीसाठी काहीतरी चांगलं आणावं म्हणून पगारातला मोठा हिस्सा मोडून त्याने तो डबा आणलेला. 'फुकट खर्च केलात' असं म्हटलं असतं तर तो पुन्हा दवाखान्याची पायरी चढला नसता. आम्ही दोघांनी मिळून डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचली. घटकांत दूध पावडर, वनस्पती तेल, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, आणि शेवटी वरून घातलेली जीवनसत्त्वं नि खनिजं. लोह त्यात आहे, हे खरं, आणि ते मी नाकारलं नाही. पण तेच लोह थेंबांतून आणि जेवणातून मिळणार असेल तर वर्षापुढच्या निरोगी बाळाला अशा दुधाची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत १२ ते २३ महिन्यांच्या बाळांसाठी असं 'फॉलोअप' दूध नकोच म्हटलं आहे, आणि प्राण्याचं साधं दूध चालेल असं सांगितलं आहे. आपल्या देशात १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दुधाच्या पर्यायांची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला त्याने बंदी आहे. हे ऐकून तो थबकला. "मग सगळे का घेतात?" त्याने विचारलं. घरापासून लांब असलेल्या माणसाला हातात धरता येईल असं काहीतरी न्यावंसं वाटतं, म्हणून घेतात, मी म्हटलं. तो काही बोलला नाही, पण डबा त्याने परत पिशवीत ठेवला.

काही बाळांना मात्र डॉक्टर खास दूध सांगतात. गाईच्या दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल, दुधानंतर अंगावर पुरळ, सारख्या उलट्या, शीतून रक्त असं होत असेल, तर तिथे घरचे प्रयोग करू नयेत. या मुलीला तसलं काहीच नव्हतं.

राहिली गाय आणि पिशवी. इथे मी फार वेळ घालवला नाही, कारण वर्षानंतर दोन्ही चालतात. शेजारची गाय चालेल, पण धारोष्ण नको. धार काढल्या काढल्या कोमट दूध पाजण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे, पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे आजार येऊ शकतात. एक चांगली उकळी हवीच. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, तरी आमच्या दमट हवेत आणि वीज जाण्याच्या दिवसांत तेही घरी आणल्यावर उकळून ठेवलेलं बरं. पिशवी घेताना टोन्ड आणि डबल टोन्ड बाळासाठी नको. टोन्डमध्ये ३ टक्के स्निग्धांश असतो, डबल टोन्डमध्ये दीडच. फुल क्रीममध्ये ६. दोन वर्षांपर्यंत मेंदूच्या वाढीला स्निग्धांश लागतो, तेव्हा गाईचं साधं किंवा फुल क्रीम घ्यावं, साय काढू नये, पाणी घालू नये.

म्हशीच्या दुधाने बुद्धी मंद होते, हे मी किती आज्यांकडून ऐकलं असेल! त्यात काही तथ्य नाही. म्हशीचं दूध स्निग्ध असतं, म्हणून त्याने पोट लवकर भरतं, एवढंच; वर्षापुढच्या बाळाला ते थोडं थोडं देऊन पाहावं. दुधातल्या एका प्रथिनाच्या प्रकारावरून 'ए-टू' नावाने महाग विकतात ते दूध विकत घ्यायचीही गरज नाही. आपल्या देशी गाईंचं आणि म्हशींचं दूध बहुतेक त्याच प्रकारचं असतं. शेळीच्या दुधात फोलेट, म्हणजे रक्त तयार व्हायला लागणारं एक जीवनसत्त्व, फार कमी, म्हणून तेच एक मुख्य दूध करू नये. आणि नारळाचा रस हा रसच आहे. भाजीला, आमटीला घालावा, पण तो दुधाची जागा घेत नाही. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम फार थोडं.

मग किती? अंगावरचं चालू असेल आणि अंडी-मासे खात असेल तर दिवसाला २०० ते ४०० मिली वरचं दूध भरपूर झालं. अंगावर अजिबात पीत नसेल आणि मांस-मासेही नसतील तर ३०० ते ५००. पाचशेच्या वर कधीच नको. आम्ही या मुलीसाठी ३०० ठरवलं. सकाळी दीडशेचं एक फुलपात्र, संध्याकाळी एक. जेवणानंतर, जेवणाऐवजी नाही. आणि बाटली बंद. बाटलीने न कळत जास्त दूध जातं, झोपेत तोंडात राहिली की पुढचे दात किडतात, आणि नीट उकळली नाही तर जुलाब होतात. आजींच्या माळ्यावर पितळेचं एक जुनं बोंडलं आहे असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नुसतं आठवण म्हणून ठेवा. पितळ आणि दूध नको, आणि चोचीत घाण अडकते. स्टीलचं छोटं फुलपात्र घ्या. सांडेल. सांडू द्या.

जेवणाचं मात्र सगळं मी आजींवर सोपवलं, कारण त्या घरात ते त्यांनाच येतं. कुळथाची पिठी पातळसर भातावर, वरून लिंबाचे चार थेंब. लिंबामुळे डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. नाचणीची पेज, १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम आहे, तेव्हा दूध कमी केल्याने हाडं कच्ची राहतील ही भीती सोडा. शेवग्याचा पाला. रोज एक अंडं. आणि मासे. त्या मुलीच्या तोंडाला मासा लागलाच नव्हता. आधी लहान म्हणून, मग जूनपासून मासेमारी बंद म्हणून, मग श्रावण, मग गणपती. आता सगळं संपलं होतं. मुडदुशी आणा, मी म्हटलं, हळदमीठ लावून उकडा, काटा बोटांनी पुन्हा पुन्हा तपासून काढा, भातात कुस्करा. आजी एकदम खुलल्या. आमच्याकडे आजाऱ्याला आणि बाळंतिणीला द्यायचा हाच मासा, हे त्यांना मी शिकवायला नको होतं. चहा-बिस्कीट बंद. चहाने लोह अडतं. थेंब दुधाबरोबर द्यायचे नाहीत, शी काळी होईल, घाबरायचं नाही.

बापाला मी एक काम दिलं. व्हिडिओ कॉल रात्री झोपताना नको, साडेसातला, तिच्या जेवणाच्या वेळी करा. तुम्हीही तिकडे तेव्हाच ताट घेऊन बसा. तिला तुमचं जेवणं दिसू दे. मुलीला फोन दाखवून घास भरवू नका असं मी एरवी सांगते, आणि तेच खरं. पण बापाचं तोंड हे कार्टून नव्हे. या घरापुरती मी ही मोकळीक दिली.

पहिला आठवडा वाईट गेला. चौथ्या दिवशी आईचा फोन आला, मुलगी रात्रभर रडली, भातही नको, दूधही नको. दोन दिवसांनी कळलं की आजी पहाटे गुपचूप एक बाटली भरून देत होत्या. सुनेने तक्रार म्हणून नाही, रडवेली होऊन सांगितलं. मी आजींनाच फोनवर बोलावलं. "रात्री रडूक लागली, माका बघवूक नाय," एवढंच त्या म्हणाल्या. मी त्यांना ओरडले नाही. रडणाऱ्या नातीला उपाशी कोण ठेवेल? आम्ही मागे आलो. एकदम पाच बाटल्या बंद करायचा माझाच हिशेब त्या मुलीसाठी घाईचा होता. मग दर तीन दिवसांनी एक बाटली कमी केली, पहाटेची सगळ्यात शेवटी, आणि त्या वेळी आईने अंगावर घ्यायचं ठरलं. आठव्या-नवव्या दिवशी मुलीने दुपारी स्वतःहून आजीच्या ताटात हात घातला. आईने मला त्याचा फोटो पाठवला. पिठीभाताने माखलेली चार बोटं.

महिन्याने हिमोग्लोबिन ९.८ होतं. शी काळी झाली तेव्हा आजी मध्ये एकदा घाबरून धावत आल्या होत्या, सांगूनही. बद्धकोष्ठही कमी झालं होतं, जे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. भरपूर दूध पिणाऱ्या मुलांत ते नेहमी दिसतं. चिरा चाटणं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आपोआप थांबलं. डिसेंबरात ११.२ आलं. डॉक्टरांनी साठा भरण्यासाठी थेंब अजून दोन महिने चालू ठेवायला सांगितले. त्यानंतर आशाताईंकडून मिळणारं लोहाचं सरकारी औषध, आठवड्यातून दोनदा १ मिली.

त्या डिसेंबरच्या भेटीत आईने बापाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्याने आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाला, शिमग्याला येतो आहे, तिच्यासाठी काय आणू, मॅडमना विचार. मी तोंड उघडायच्या आत आजी फोनकडे वाकल्या.

"काय एक हाडू नको. चार दिवस जास्ती रव."